नाड्यानं बांधलेलं फूल

सौंसरच्या तहसील कचेरीतले टायपिस्ट बाबू बोटांनी जितके घाईचे, तितके पायांनी सावकाश. ऐंशीच्या दशकात रविवारी आम्ही दोघं छोट्या लाइनच्या, म्हणजे नॅरोगेजच्या गाडीनं घाटात फिरायला जायचो. मी दहा पावलं पुढे गेलो की मागून हाक यायची, "थांबा जी!" वळून पाहावं तर बाबू गवतात पालथे, भिंगातून तांदळाएवढं फूल पाहत.

एकदा मोहाच्या फांदीवर हिरवा झुबका दिसला. आमचा संत्र्याचा बगिचा. झाडावर बांडगूळ दिसलं की हात आपोआप उठतो. बांडगूळच समजून मी तो झुबका ओढून काढला.

"काय करून राहिले भाऊ!" बाबू ओरडले. "हे आर्किड होय. झाडाचं काई खात नाई, नुसतं बसून राह्यते."

तेव्हा कुठे मला झुबक्यातली नखाएवढी पिवळी फुलं दिसली.

दोरी नव्हती. बाबूंनी पायजम्याचा नाडा ओढला, झुबका फांदीला घट्ट बांधला आणि परतीच्या गाडीत, भर गर्दीत, एका हातानं पायजमा धरून उभे राहिले. लोक हसत होते. बाबू खिडकीतून झाडं पाहत होते.

पुढच्या वर्षी नाडा कुजला होता, पण मुळांनी फांदी धरली होती. आता मी बगिच्यातलं बांडगूळही आधी नीट पाहतो, मगच तोडतो. आणि फिरायला निघताना खिशात एक जादा नाडा ठेवतो.