पाळण्याची दोरी आणि नवरीची भुवई

पावडरचा नवा डबा उघडला की त्या वासासरशी मी धाड गावातल्या घराच्या पुढच्या खोलीत परत जाते. आमच्या घरात कॉलेज शिकलेली मी पहिली. सासूबाईंनी ती खोली माझ्या पार्लरला दिली, हे मी विसरत नाही.

बाजाराचा दिवस होता. खुर्चीत नवरी बसली होती, संध्याकाळी तिची हळद. भुवया कोरायचा धागा माझ्या दातांत आणि धाकट्याच्या पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला. थोरली चिऊ दारात बसून थाळीवर चमचा वाजवत होती. नवरीची एक भुवई झाली, दुसरी सुरू केली आणि थाळी वाजायची थांबली. पाहिलं तर दारात चिऊ नव्हती. बाहेर जीपचे हॉर्न मात्र चालूच होते.

मी धागा टाकून उठले, तर दोरीने पाय ओढला. धाकटा रडू लागला आणि अंगठ्याची गाठ काही सुटेना.

"ताई, तुम्ही पोराले पाहा, मी पाहतो तिले!" म्हणत नवरीच धावली, कपाळभर पावडर घेऊन, भर बाजारात.

परतली तेव्हा तिच्या कडेवर चिऊ पेरू खात होती. "पेरूच्या हातगाडीखाली बसली होती बाई! अन् पेरूवाला मले पाहून म्हणे, सर्कस आली काय गावात?"

ती हसत सुटली. त्या मुलीला मी अजून मनात हात जोडते. पण तेव्हा मला हसू आलं नाही; मी दाराला आतून कडी घातली आणि मगच दुसरी भुवई कोरली.

पोर सापडली, म्हणजे संपलं, असं वाटलं होतं. आता चिऊ बुलढाण्याला शिकते. फोनवर बोलता बोलता ती क्षणभर गप्प झाली की मी जागची उठते आणि विचारते, "कुठं आहेस तू?"