जुंपून दाखव

"जुंपून दाखव," असं म्हणून काका काउंटरवरची कुठलीही वस्तू दोन बोटांनी माझ्याकडे सरकवायचे. मग तो माउस असो, चार्जर असो, नाहीतर साधा पेन ड्राइव्ह. जोडून, चालवून, त्यावर काहीतरी काम करून दाखवल्याशिवाय त्यांचा हात खिशाकडे जात नसे. शहापूरच्या एसटी स्टँडजवळ माझं लॅपटॉपचं दुकान आहे, विक्रीचं आणि दुरुस्तीचं. अशी गिऱ्हाइकं तुम्हीही पाहिली असतील, आणि ती लांबून येताना दिसली की कामात असल्याचं सोंगही आणलं असेल. मीही आणायचो.

काका भातसानगरला राहायचे. धरणाच्या गेटांवर ड्युटी करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. पहिल्यांदा आले तेव्हा मी मुरबाडचा आहे हे कळल्यावर त्यांना कोण आनंद झाला.

"म्हंजी म्हशाच्या जत्रंतला मानूस तू! मंग बैल कसा घेतात ते तुला मी काय सांगू?"

म्हसा आमच्या मुरबाडजवळच, तिथल्या जत्रेत बैलांचा मोठा बाजार भरतो. तरी त्यांनी सांगितलंच. दात बघून झाले, खूर बघून झाले, तरी भरल्या गाडीला जुंपून चार पावलं ओढायला लावल्याशिवाय त्यांच्या वडिलांनी कधी बैल घेतला नव्हता. रिकाम्या अंगानं तर कुठलंही जनावर ऐटीत चालतं, असं ते म्हणाले.

त्या दिवशी त्यांना मुलासाठी लॅपटॉप हवा होता. मुलगा बारावी झाला होता. त्याला गेम खेळायचे होते आणि पुढे गेम बनवायलाही शिकायचं होतं. माझं दुकान नवं होतं आणि एक लॅपटॉप कित्येक दिवस काचेमागे पडून होता. काळा रंग, लाल पट्टे, अंधारात उजळणारा कीबोर्ड. बाहेरून अगदी गेमिंगचा. आत प्रोसेसर होता दोन कोअरचा.

"ह्याच्यावर ते गेम चालतील ना रे?"

"चालतील की काका."

"जुंपून दाखव."

मी त्यावर पत्त्यांचा खेळ उघडला, एक गाणं लावलं. दोन्ही झकास चाललं. काकांनी मान डोलावली. मी रिकामी गाडी ओढून दाखवली होती. ते मला ठाऊक होतं, त्यांना नव्हतं.

"दोन कोअरवर गेमिंग होईल का?" हा प्रश्न मी आता आठवड्यातून चार वेळा तरी ऐकतो. खरं सांगायचं तर थकलोय. बिलं बनवा, अर्ज टाइप करा, सिनेमे बघा, दोन कोअर बिचारे निमूट राबतात. पण गेम म्हटला की रस्ता, गाड्या, माणसं, आवाज, सगळं एकाच वेळी सांभाळायचं असतं, आणि तिथं दोघांची तारांबळ उडते. निदान चार कोअर हवेत, सहा असले तर उत्तम. दोनचा स्वस्त मिळतोय म्हणून गेमिंगसाठी घेऊ नका. हे मी आता झोपेतसुद्धा म्हणून दाखवीन. ज्या दिवशी म्हणायला हवं होतं, त्या दिवशी तेवढं म्हटलं नाही.

त्यांच्या घरी पुढे काय झालं हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं. मुलगा रोज सांगायचा, बाबा, हा अडकतो, यावर शिकता येत नाही. काका म्हणायचे, अडकतो कसा? मी स्वतः जुंपून घेतलाय. तुलाच कष्ट नकोत, म्हणून यंत्राला नावं ठेवतोस. माझ्या दुकानात जे बघितलं त्यावर त्यांचा पोटच्या पोरापेक्षा जास्त विश्वास होता. वाद वाढत गेला. एक दिवस मुलगा बॅग भरून पुण्याला निघून गेला आणि लॅपटॉप खाटेवर तसाच सोडून गेला. तिथं तो पडेल ते काम करत शिकला. फोन यायचा तो आईला. बापाचं नाव निघालं की नेमकी रेंज जायची.

काका रिटायर झाल्यावर एकदा तोच लॅपटॉप टॉवेलमध्ये गुंडाळून दुकानात आले. चेहऱ्यावर पहिल्यांदाच लाजरं हसू होतं. मुलानं आईकडून निरोप धाडला होता. ट्रक चालवायचा एक गेम आहे, त्यात दोन माणसं दोन गावांहून एकाच रस्त्यावर ट्रक चालवू शकतात, बोलूही शकतात. बाबांना यायचं असेल तर रविवारी सकाळी यावं.

"समोरासमोर बोलाया दोगांनाबी जमत नाय," काका म्हणाले. "ट्रक चालवता चालवता जमंल."

मी लॅपटॉपमध्ये गेम टाकला. गेमनं खेळाडूचं नाव विचारलं. लोक तिथं वाघ, सिंह, राजे काय काय टाकतात. काकांनी बराच विचार केला आणि एका बोटानं टाइप केलं: बाबा.

पुढच्या सोमवारी ते हजर. "माजा ट्रक एकदम टकाटक जातो रे. त्याचा आला की दोनीबी जागच्या जागी उभे."

मी पंखा साफ केला. त्याच्या पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. लॅपटॉप तापतो म्हणून त्यांनी तो माठाच्या तिवईवर ठेवला होता, समोर टेबलफॅन लावला होता आणि माठ बिचारा जमिनीवर आला होता. हे सांगताना ते स्वतःच हसले. तिसऱ्या सोमवारी हसले नाहीत. "पोरगा म्हनला, बाबा, तुमी येतच नाय. मी तितंच व्हतो रे. त्याला दिसत नव्हतो."

मग माझ्यानं राहवेना. "काका," मी म्हणालो, "यात दोनच कोअर आहेत. या गेमला हे पुरत नाहीत. तेव्हाही पुरत नव्हते."

काका लॅपटॉपकडे बघत राहिले. "गेटावर आमी दोगं असायचो," ते सावकाश म्हणाले. "एक पातळी बघनार, एक गेट उचलनार. उन्हाळ्यात दोगं खूप. पन पावसाळ्यात धरन भरलं का दोगांचं काम नाय ते." त्यांनी लॅपटॉपचं झाकण मिटलं. "म्हंजी पोरगा खरा बोलत व्हता."

ते चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त टॉवेलाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

मी सहा कोअरचा लॅपटॉप काढून पुढे ठेवला आणि म्हणालो, काका, हा असाच न्या. त्यांनी मान हलवली. "फुकट दिलास तं जुंपून कसा बघू?" त्या रविवारी माझी सुट्टी असूनही मी दुकान उघडलं. काका खुर्चीवर ताठ बसले. पडद्यावर त्यांचा ट्रक रस्त्याला लागला. मागून एक निळा ट्रक आला, जवळ आला, शेजारी आला. काहीही अडकलं नाही.

काका माझ्याकडे वाकले. "हॉर्न कंचा?" त्यांनी मला हळूच विचारलं. मी बटण दाखवलं. त्यांनी हॉर्न दिला. निळ्या ट्रकनंही दिला.

"जेवलास का रे?" काका म्हणाले.

मी चहा आणायच्या निमित्तानं बाहेर पडलो. दोन ग्लास घेऊन परत आलो तर काका माइकमध्ये बोलत होते, "माजंच चुकलं तवा. दुकानवाला सांगत व्हता, ह्याच्यावर गेम चालनार नाय. मीच आयकलं नाय त्याचं."

मी ग्लास हातात धरून दारातच थांबलो. पुढे होऊन माइकमध्ये त्यांच्या मुलाला "नाही रे, मी असं काही सांगितलं नव्हतं," एवढंच म्हणायचं होतं. म्हणालो नाही. चहा त्यांच्या हाताशी ठेवला. त्यांनी माझ्याकडे न बघता तो घेतला.

काकांनी पैसे मोजून तो लॅपटॉप घरी नेला. त्यानंतर ते दर रविवारी भातसानगरहून गोव्याला, दिल्लीला, कुठं कुठं जात. निदान मला तसं सांगत. दिवाळीला मुलगा घरी आला, पुढेही येत राहिला. गेल्या वर्षी म्हशाच्या जत्रेला चार दिवस असताना काका गेले. छातीत दुखलं, एवढंच कळलं.

महिन्याभरानं मुलगा दुकानात आला. दोन्ही लॅपटॉप बरोबर होते. नव्याची बिजागरी सैल झाली होती. "बाबा तुमचं फार नाव काढायचे," तो म्हणाला. "म्हणायचे, अख्ख्या शहापुरात खरं बोलणारा एकच दुकानदार."

मी बिजागरीचा स्क्रू खाली ठेवला आणि त्याला सगळं सांगितलं. पत्त्यांचा खेळ, गाणं, "चालतील की काका", सगळं. तो ऐकत होता.

"मग ते तसं का म्हणाले?" त्यानं शेवटी विचारलं. मी खाली ठेवलेला स्क्रू पुन्हा उचलला. बिजागरी दुरुस्त होईपर्यंत तो बसून राहिला. जाताना काळा, लाल पट्ट्यांचा लॅपटॉप त्यानं दोन बोटांनी माझ्याकडे सरकवला. "हा तुमच्याकडे ठेवा. विचारायला येतात त्यांना दाखवत जा."

आता कोणी दोन कोअरचा गेमिंग लॅपटॉप मागायला आलं की मी वाद घालत नाही. तो जुना उघडतो, ट्रकचा गेम लावतो. दुकानातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवरून दुसरा ट्रक त्याच रस्त्यावर आणतो. दुसरा ट्रक शेजारी येतो आणि पडदा गोठतो. गिऱ्हाइकाला पटतं, ते दुसरा लॅपटॉप बघू लागतं. मी मात्र तो पडदा लगेच बंद करत नाही. उभ्या राहिलेल्या पहिल्या ट्रकवर अजून नाव दिसत असतं: बाबा.