रफिकभाईंचा हात चुकला नव्हता

रफिकभाई गेल्याची बातमी मला ज्या गृहस्थांनी फोनवरून दिली, त्यांनी त्याच दमात त्यांच्यावर ठपकाही ठेवला. "साहेब, आपले रफिकभाई मिस्त्री गेले. लई चांगला मानूस. शेवटी शेवटी हात चुकत हुता, पन मानूस सोन्यासारखा." त्या दुपारी सोनईच्या कब्रस्तानात माती देऊन परतणाऱ्या गर्दीतही तेच वाक्य मी दोघातिघांच्या तोंडून ऐकले आणि प्रत्येक वेळी बोलणाऱ्याची नजर हळूच माझ्याकडे वळली. कारण ज्या गाडीवर त्यांचा हात चुकला असे सांगितले जाते, ती गाडी माझी आहे. आज चाळीस दिवस उलटले. खरे काय घडले, हे मला एकानेही विचारले नाही. म्हणून न विचारता सांगतो.

मी साखर कारखान्यात इंजिनिअर होतो आणि रफिकभाईंचे गॅरेज स्टँडच्या मागे होते. आमच्या मैत्रीचा पाया भांडण हा होता. पहिल्याच भेटीत मी गाडीचा आवाज ऐकून बिघाड कुठे आहे ते त्यांना सुनावले, तेव्हा त्यांनी हातातला पाना माझ्यापुढे धरला. "बिघाड तुमीच शोधनार असाल, तर ह्यो बी तुमीच धरा." मी हसलो नाही, पण त्यानंतर दुसऱ्या मिस्त्रीकडे गेलोही नाही. पंचवीस वर्षे आम्ही एकमेकांची मते खोडून काढण्यात सुखाने घालवली.

शेवटचा वाद टायमिंग बेल्टचा. इंजिनाच्या पोटात असलेला हा दातेरी रबरी पट्टा पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा ताल सांभाळतो. तो गळत नाही, धूर काढत नाही, बहुधा कुरकुरतही नाही. तुटतो तेव्हाच कळतो, आणि तोवर व्हॉल्व्ह वाकलेले असतात. गाडीला सात वर्षे झाली, तेव्हा रफिकभाई म्हणाले, "साहेब, आता बेल्ट बदलू." मी म्हणालो, "गाडी चाळीस हजारही चाललेली नाही. लाखाला बदलायचा, असे पुस्तकात लिहिले आहे."

"रबराला किलोमीटर कळत न्हाईत, साहेब. त्याला ऊन कळतं. गाडी तुमच्या पत्र्याच्या शेडमधी भाजती हाय."

मी मान हलवली नाही. तेव्हा त्यांनी मला माझ्याच मैदानात गाठले. "गळीत हंगाम संपला की तुमी सगळा कारखाना उघडायचात. बेअरिंग चांगलं दिसलं तरी बदलायचात. तवा कुनाला म्हनलात का, अजून फुटलं न्हाई, राहू द्या?"

वादात हरणे मला सहन होत नाही. अशा वेळी मी हुकूम देतो. "फक्त ऑइल बदला," मी म्हणालो. त्यांनी फक्त ऑइल बदलले. तिसऱ्या दिवशी घोडेगावजवळ भर रस्त्यात इंजिन एकाएकी बंद पडले. बेल्ट तुटला होता, व्हॉल्व्ह वाकले होते.

घरी येऊन मी ते पुस्तक उघडले. पूर्ण वाक्य असे होते: एक लाख किलोमीटर किंवा पाच वर्षे, यांपैकी जे आधी होईल ते. सात वर्षे मी त्या वाक्याचा पहिला अर्धाच भाग वाचला होता… कारखान्यात अशा अर्धवट वाचनाबद्दल मी माणसांना सर्वांदेखत फैलावर घेतले आहे.

दुसऱ्या दिवशी स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर कोणीतरी विचारले, "परवाच रफिकभाईनं हात लावला हुता ना गाडीला?" मी म्हणालो, "लावला होता." एवढेच. त्यात एक अक्षर खोटे नव्हते. त्या दोन शब्दांवर गावाने आपली कथा रचली, आणि मी ती रचू दिली. जिथे सगळे मला साहेब म्हणतात, तिथे 'मला एक वाक्य धड वाचता आले नाही' असे म्हणणे मला जमले नाही. त्यानंतर कितीतरी जुनी गिऱ्हाइके आपल्या गाड्या नगरला नेऊ लागली.

आता दुसरी कथा खोडतो. शोकसभेत एका वक्त्याने सांगितले की, रफिकभाईंनी हा आळ संतासारखा मुकाट्याने सोसला. साफ खोटे! चौथ्या दिवशी ते माझ्या अंगणात येऊन उभे राहिले. खुर्ची दिली, बसले नाहीत. "इंजिन मीच बांधून देतो, नीट देतो. पन जितं गप बसलात, तितंच हुबं राहून बोला."

"बघू," मी म्हणालो.

"बघू न्हाई. बोला."

इंजिन त्यांनी बांधले, आणि आजतागायत ते तक्रारीविना चालते आहे. पण पुढची साडेचार वर्षे त्यांनी माझ्या घरचा चहा घेतला नाही. बाजारात समोर आलो की चार माणसांत विचारत, "बोललात का, साहेब?" मी म्हणे, "बोलेन." ते तोंड फिरवून चालू लागत. हा मुकाट्याने सोसणारा माणूस नव्हे. त्यांना संत ठरवले की सर्वांचीच सुटका होते, सर्वात जास्त माझी. मला ती सुटका नको. त्यांचा राग रास्त होता आणि तो त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही, हे मी अभिमानाने नोंदवतो.

गेल्या शुक्रवारी सकाळी मी त्याच टपरीसमोर उभा राहिलो आणि सारे सांगितले: बेल्ट बदला असे ते म्हणाले होते, नको असे मी म्हणालो होतो. चहा पिणाऱ्यांपैकी एकाने टोमणा मारला, "आता सांगता व्हय, साहेब? मानूस गेल्यावर?"

"हो, आता सांगतो. उशीर माझा आहे, तो मी भोगेन. तू मात्र हे ऐकलेस. उद्यापासून दुसरे काही बोललास, तर ते खोटे तुझे."

तिथून गाडी गॅरेजवर नेली. आता ते त्यांचा मुलगा इम्रान चालवतो, आणि 'बापाचाच हात चुकत होता' हे शेपूट त्याच्याही मागे लागले आहे. मी म्हणालो, "बेल्ट बदलून टाक. आजच." इम्रानने बॉनेट उघडले आणि मला जवळ बोलावले. बेल्टच्या झाकणावर पांढऱ्या रंगाने, रफिकभाईंच्या ठसठशीत अक्षरांत, पुढच्या बदलाचा महिना आणि वर्ष लिहिले होते. इम्रान म्हणाला, "बाकीच्या गाड्यांवर अब्बा किलोमीटर बी लिहायचे. तुमच्या गाडीवर न्हाई लिहिलं." मी ते अक्षर तेवढे पाहत राहिलो.

"अजून पाच महिने हायत, साहेब. अब्बांनी लिहिलाय त्या महिन्यालाच बदलू. उगं आधी न्हाई."

वाद घालण्याजोगे मुद्दे माझ्याजवळ होते. मी एकही मांडला नाही. गाडी तशीच घरी आणली आणि रोज चालवतो आहे. त्या महिन्यात ती इम्रानकडेच जाईल. मधल्या काळात ती रस्त्यात थांबलेली कोणाला दिसलीच, तर चूक कोणाची हे गावभर विचारत फिरू नये. माझ्या दारात यावे.