रनाळ्याच्या साखळीतला रुमाल

आमचा ललित कबड्डीत उजव्या कोपऱ्यावर उभा राहतो. त्याने घोटा धरला की समोरचा गडी परत जातच नाही. मी त्याची फुई, म्हणजे आत्या. पण उगाच कौतुक करणाऱ्यांतली नाही, रनाळ्यात कुणालाही विचारा.

गेल्या महिन्यात नंदुरबारची अतिका मैदानावर आली. खेळातल्या समलिंगी मुलामुलींना संघात कसं वागवतात, हा तिचा समाजशास्त्राचा अभ्यास. तिने तो समजावून सांगितला, तर आमचा शहाणा सगळ्यांसमोर म्हणाला, "मी शे ना तसा!" मला ठाऊक होतं. पोरांची तोंडं मात्र बघण्यासारखी झाली.

बाकीचे दोन दिवसांत विसरले. हेमराज विसरेना. बचाव करताना शेजारचे दोघे हात धरून साखळी करतात, आणि ललितचा जोडीदार हाच, लहानपणापासून आमच्याकडे जेवलेला. या दिवट्याने सरावात मध्ये रुमाल धरला! एक टोक याच्या हातात, एक त्याच्या. ललित हसला, पण घरी येऊन रडला. "फुई, खापरना मॅचलेबी त्याने हात नही धरा, तर मी खेळनं सोडी दिसू." पोर खेळ सोडणार म्हटल्यावर माझा जीव तुटला.

खापरच्या सामन्यात पंचांनी रुमाल काढून घेतला. मग हेमराज हातभर लांबच उभा. मधल्या फटीतून समोरचे गडी खुशाल पळत होते. मध्यंतराला मी तडक आत घुसले. "काय रे मेल्या, हाताले काटा शेत का त्याना?"

हेमराज रडवेला झाला. "फुई, लोके म्हनतीन, मी बी तसाच शे."

अभ्यासासाठी आमच्यासोबत आलेली अतिका शांतपणे म्हणाली, "अरे, आत्ताच त्यांच्या दाढीवाल्याला कमरेला मिठी मारून पडलास. तेव्हा कुणी काही म्हणालं?"

सगळा संघ खो खो हसला. पलीकडून ऐकणारा तो दाढीवालासुद्धा. हेमराजचे कान लाल झाले, आणि मग तोही हसला.

दुसऱ्या डावात त्याने ललितचा हात असा घट्ट धरला की फट राहिलीच नाही. तरी थोडक्यात हरलो. शिट्टी वाजली, लोक उठले, हे दोघे तसेच उभे.

"सोड ना आता," ललित म्हणाला, "मॅच सरनी. लोके देखी ऱ्हायनात."

"देखू दे," हेमराज म्हणाला.