पोह्यांवर जुळलेलं पाणी

माझ्या साडूंना दोन माणसं वेगवेगळी बसलेली बघवतच नसत. परभणीला सरकारी कचेरीत कारकून होते, पण खरा धंदा सोयरिकी जुळवण्याचा, आणि त्याही नुसत्या नवरा-नवरीच्या नव्हेत. एखाद्या शाळेला बाकं हवी असली की हे वखारवाल्याला हेडमास्तरांच्या घरी जेवायला घेऊन जात आणि त्याने दुसरी भाकरी मोडेपर्यंत बाकांचं नावही काढत नसत. "हापिसात माणूस हापिसावानी बोलतो, गुरुजी," मला म्हणायचे. "पोटात कायतरी गेलं की माणसात येतंय बगा."

मी पेडगावला शिक्षक होतो. गावच्या विहिरीवर आमच्या बौद्धवस्तीतल्या बायकांना चढू देत नसत. कुणी वरून ओतलं तर घागर भरायची, नाहीतर उन्हात ताटकळायचं. माझी बायको सकाळी गेली की दुपारीच घरी यायची. त्या दुष्काळात बोअर पाडायची गाडी तालुक्यात आली आणि आम्हाला आशा लागली. पण ओव्हरसिअर म्हणे, सरपंच जागा देतील तर येतो. सरपंच म्हणे, जिनिंगवाले शेठ पाइप देतील तर बघू. शेठ म्हणे, आधी ओव्हरसिअर येऊ द्या. इकडे गाडी दुसऱ्या तालुक्याला निघायच्या बेतात.

साडूंनी तिघांनाही एकाच सकाळी माझ्या घरी पोहे खायला बोलावलं. कशासाठी, ते सांगितलंच नाही. ओव्हरसिअर आमच्याच समाजाचा, बिनलग्नाचा पोरगा. अशा पोराला कुणी पोह्यांना बोलावलं की त्याचा अर्थ काय होतो, हे नेमकं सोयरिकीच्या या बादशहालाच सुचलं नाही. पोरगा इस्त्रीचे कपडे घालून, तोंडाला पावडर लावून, मामांना घेऊन हजर!

शेठ आणि सरपंच आधीच अवघडून बसलेले. शेठनी उपास सांगितला. सरपंचांनी बशी हातात घेतली होती खरी, पण आमच्या घरचा घास तोंडात घालायला हात काही उचलेना. शरमेने मला वर बघवेना. साडूंनी घसा साफ करून जागेचा विषय काढला, तोच मामा म्हणाले, "जागेचं मागून बगू. आदी मुलीला बोलवा."

"मुलगी कुटली ओ?" साडू गडबडले. "मी तर बोअरसाठी बोलावलंय."

ओव्हरसिअरचं तोंड पावडरीखाली लालबुंद झालं. सरपंच गदागदा हसत सुटले आणि हसता हसता पोह्यांचा घास त्यांच्या तोंडात गेला. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघायला लागलो. त्यांच्याही ते ध्यानात आलं. जरा थांबले, मग सावकाश चावून गिळला आणि आतल्या दाराकडे बघून म्हणाले, "वैनी, लिंबू हाय का?"

माझ्या जिवात जीव आला. पोहे संपायच्या आत गाव आणि वस्ती यांच्या मधली जागा सरपंचांनी देऊन टाकली, शेठनी पाइप कबूल केले आणि मग ओव्हरसिअरने गाल फुगवूनच का होईना, तिथे जाऊन बोअरची खूण करून दिली. पाणीही लागलं.

साडू जाऊन आता बरीच वर्षं झाली. अशी उठाठेव करणारं माणूस आता घरात नाही, आणि त्यांची फार आठवण येते. हापसा बसला त्या दिवशी ते माझ्याकडेच होते. बायको पाण्याला गेली ती लवकर येईना, म्हणून आम्ही दोघं बघायला गेलो. घागर काठोकाठ भरून वाहत होती.

"कुणाची वाट बघायलीस?" मी विचारलं.

"कुणाचीच न्हाई," ती म्हणाली, आणि पुन्हा हापसायला लागली.