बिनव्याजी पेढी आणि बाकावरची जागा

व्याज घेत नाही, एवढ्यावरून एखादी पेढी धडधाकट आहे असं तुम्ही मानाल का?

मी मानत होतो. सावकारीविरुद्धची पत्रकं वाचत मोठा झालो आणि विशीत स्वतःच लिहू लागलो. वडील बँकेत अधिकारी. त्यांची नागपूरला बदली झाली तेव्हा व्याजावर चालणाऱ्या घरात राहायचं नाही, असं सांगून मी कलकत्त्यातच थांबलो. डमडमला खोली घेतली. मराठी बोलायला कुणी उरलं नाही. स्टोव्ह पेटेना की त्याला मराठीत शिव्या घालायचो, तेवढंच.

रविवार मात्र वेगळा होता. सियालदहला गाडी बदलून मी बजबजला जायचो. तिथल्या ज्यूट गिरणीतल्या मुसलमान कामगारांनी एक पेढी काढली होती. ठेवीवर व्याज नाही, कर्जावरही नाही, कारण धर्मात सूद हराम. माझं एक पत्रक त्यांना आवडलं होतं. पेढीचे म्हातारे सेक्रेटरी, ज्यांना सगळे चाचा म्हणत, मला पाहताच बाकावर सरकून जागा करायचे. "आओ मराठी बाबू, इन्किलाब बाद में, पहले चाय!" आख्ख्या शहरात माझी कुणी वाट पाहत असेल तर ती तिथेच.

एकदा चाचांनी सांगितलं की गिरणीतल्या सगळ्यांनी आपली बचत इथेच ठेवावी, असं एक कडक पत्रक लिही. मी आनंदाने हो म्हटलं. बराकपूरला अशीच दुसरी पेढी होती. दोन्ही शेजारी ठेवून दाखवल्या तर पत्रक आणखी जोरदार होईल, म्हणून आधी तिकडे गेलो.

बराकपूरला कुणी चहासुद्धा विचारला नाही. पण जागेचं भाडं आणि कारकुनाचा पगार ते वेगळ्या वर्गणीतून भागवत. कर्ज दागिन्यांच्या तारणावर. ठेवींचा काही भाग कर्जाऊ न देता राखलेला, मागणाऱ्याला रिकाम्या हाताने परत जावं लागू नये म्हणून. बजबजला भाडं ठेवींतूनच जायचं आणि कर्ज नुसत्या शब्दावर मिळायचं. गिरणी बंद पडली तर हप्ते थांबणार, आणि त्याच दिवशी तीच माणसं ठेवी मागायला येणार. कुणी पैसा खात नव्हतं. सगळे सज्जन होते, आणि तरी पेढी आतून पोकळ होत होती.

पुढच्या रविवारी मी हे सभेत सांगितलं. खर्चाची वर्गणी वेगळी काढेपर्यंत पत्रक लिहिणार नाही, असंही म्हणालो.

चाचांनी कप खाली ठेवला. "सूद खानेवाले बँक का बेटा अब हमारा ईमान तौलेगा?"

"ईमान नहीं, चाचा. तिजोरी."

मागे कुणीतरी हसलं. चाचा हसले नाहीत.

त्यानंतरच्या रविवारी गेलो तर बाक भरलेला होता. कुणी सरकलं नाही. दाराशी थोडा वेळ उभा राहिलो आणि परतीची गाडी धरली. वडिलांना सगळं कळवावंसं वाटलं, पण कळवलं नाही. त्यांनी मला शाबासकी दिली असती, आणि तीच सोसली नसती. रविवारी आता मी खोलीतच असतो. स्टोव्ह अजून कुरकुरतो.

तुमची पतपेढी व्याज घेणारी असो की न घेणारी, येत्या सभेत उभं राहून विचारा, की खर्च कशातून भागतो आणि सगळ्यांनी एकदम ठेवी मागितल्या तर काय. आणि हे दुसऱ्या कुणी विचारलं, तर बाकावर थोडं सरका.