पाच काजं

मावशींच्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन दीड महिना झाला होता. थंडी सरली होती, खिडक्या सताड उघड्या होत्या आणि सकाळच्या उन्हात मावशींना आपलं घर वर्षभरानं नीट दिसलं. कपाटामागून हातभर कोळिष्टक लोंबत होतं.

“अहो, हे कधीपासून आहे?”

“झाले असतील सात-आठ महिने,” त्यांचे यजमान वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाले.

“आणि सांगायचं नाही?”

“मला वाटलं, हौसेनं ठेवलंयस.”

मावशींनी झाडू त्यांच्या हातात दिला. मग गाद्या गॅलरीत उन्हाला टाकल्या, चहा केला आणि कठड्याला टेकून समोरच्या झाडाची पालवी पान नि पान बघत बसल्या. चहा कोमट झाला, तरी त्यांना तो गोडच लागला.

कोटाची काजं हातानं करण्यात मावशींची चाळीस वर्षं गेली होती. कापडावर धारदार पटाशी ठेवायची, हातोडीचा एक ठोका द्यायचा, मग त्या चिरेभोवती गाठीगाठीचा टाका घालायचा. शिवण चुकली तर उसवता येते. चीर चुकली की कोट गेला. गेल्या वर्षी मोतीबिंदूनं नजर धूसर झाली आणि मावशींनी ते कुणाला कळू दिलं नाही, तेव्हा एका कोटाचं काज बोटभर लांब कापलं गेलं. शिंपीमास्तर एक शब्द बोलले नाहीत, पण काम पाठवायचे बंद झाले. मावशींना ते न बोलणंच फार लागलं होतं.

आज मास्तरांचा निरोप आला होता: कापड जाड आहे, काजाच्या मशीनला झेपत नाही, बघता का?

दोघं निघाले. वाटेत मावशी दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचत होत्या. “हळू वाच,” यजमान म्हणाले, “लोकांना वाटेल आत्ताच शाळेत घातलंय.” दुकानाशी येताच ते समोरच्या बागेत बाकावर जाऊन बसले.

आत एक बाई बटणं निवडत होत्या. कोट त्यांचाच होता. मास्तरांनी कोटाबरोबर कापडाचा एक तुकडाही मावशींपुढे सरकवला.

“आधी यावर एक करून बघा, मावशी. हात बसेल.”

चाळीस वर्षांत असा तुकडा कुणी पुढे केला नव्हता. मावशींनी निमूटपणे त्यावर एक काज केलं आणि तो परत सरकवला. मास्तरांनी चष्मा वर करून पाहिलं, मान हलवली. मग मावशींनी कोट पसरला, पटाशी उचलली आणि हात थांबला.

खडूच्या पाच रेघा डाव्या बाजूला होत्या. पुरुषांच्या कोटाची काजं डावीकडे असतात, बायकांच्या कोटाची उजवीकडे. मास्तरांचा जन्म पुरुषांचे कोट शिवण्यात गेला होता. खडू सवयीनं चालला होता.

गिऱ्हाईक दोन हातांवर बसलेलं. मावशींनी तळहातानं रेघा हलकेच पुसल्या, कोट फिरवला आणि उजव्या बाजूला पाच रेघा ओढल्या. मास्तरांनी ते पाहिलं. त्यांचे कान लाल झाले. “ही काळी बटणं शोभतील,” ते बाईंना जरा मोठ्यानंच म्हणाले.

मग पाच ठोके पडले. बाई बटणं ठरवून गेल्या. दोन तास मावशींनी मान वर केली नाही. पाचव्या काजाचा दोरा तोडला, तेव्हा मास्तरांनी एकेका काजावरून अंगठा फिरवला.

“गिऱ्हाइकासमोर बोलला नाहीत,” ते हळूच म्हणाले.

“तुम्ही तरी कुठे बोलला होतात?”

मास्तर खाली बघून हसले. आत जाऊन दोन कोट घेऊन आले. “हे आजच बसून केलेत तर—”

“उद्या,” मावशी म्हणाल्या. “आज ऊन छान पडलंय. आणि मास्तर, उद्या तो तुकडा नको.”

बागेत यजमान सरकून बसले. “काय झालं?”

“उद्यापासून जायचंय.”

“मग आत्ता काय करायचं?”

“काही नाही. बसायचं.”

पण मावशींची नजर कुठली बसतेय! समोरून येणाऱ्या प्रत्येक शर्टाची, प्रत्येक कोटाची काजं त्या न्याहाळू लागल्या. “हे मशीनचं. हेही. याला तर दोरेच सुटलेत.”

“अगं, तो माणूस बघतोय.”

“बघू दे की,” मावशी म्हणाल्या. “मीही बघतेय.”